तळेगावच्या सेनापतींचा मूतखडा

तळेगावहून चाकणच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात इंदोरीचा किल्ला दिसतो. भुईकोट असला तरी दरवाजा आणि बुरूज चांगले भरभक्कम आहेत, आत कडजाईचे देऊळ आहे आणि इंद्रायणी अगदी तटाच्या कडेने वाहते. १७२०-२१ च्या सुमारास हा किल्ला बांधला तो मराठ्यांचे सेनापती खंडेराव दाभाडे यांनी. गुजरातेत मराठ्यांचा पाय रोवणारा, दिल्लीपर्यंत फौज घेऊन जाऊन सुखरूप परत आलेला हा माणूस २७ सप्टेंबर १७२९ रोजी वारला. तलवारीने नाही, तोफेने नाही. मूतखड्याच्या विकाराने.

इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत उरकलेली असते आणि पुढच्या ओळीत त्यांचे पुत्र त्रिंबकराव सेनापती झालेले असतात. माझ्यासारख्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरचे डोळे मात्र त्या एका ओळीवरच थांबतात. कारण मावळातून आणि लोणावळ्याच्या बाजूने येणाऱ्या रुग्णांत कमरेला हात लावून, वाकून, घामाघूम होऊन आत येणारा माणूस आठवड्यातून दोन-चार वेळा तरी भेटतोच. आणि त्यातला एखादा हमखास विचारतो की, डॉक्टर, आमच्याकडे एवढा पाऊस, एवढे पाणी, मग खडा झालाच कसा?

प्रश्न रास्त आहे. पण एक डॉक्टर म्हणून मला त्याच्या उलटा प्रश्न जास्त विचार करायला लावतो. आपल्या सगळ्यांनाच खडे का होत नाहीत? त्याकडे येण्याआधी खंडेरावांची ओळख करून घेऊ, म्हणजे मुद्दा नीट लागेल.

दाभाडे हे तळेगावचे पाटील. खंडेरावांचे वडील येसाजी शिवछत्रपतींच्या पदरी होते. संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ मध्ये राजाराम महाराज वेष पालटून जिंजीला निघाले, तेव्हा बरोबरच्या विश्वासू मंडळींत खंडेराव आणि त्यांचे भाऊ शिवाजी हे दोघे होते, अशी दाभाडे घराण्याची परंपरा सांगते. म्हणजे तेव्हाच ते हत्यार चालवणारे तरुण होते. हे लक्षात ठेवा, कारण यावरून त्यांच्या वयाचा अंदाज येतो. मृत्यूच्या वेळी ते साठीच्या आसपास किंवा थोडे पुढेच असले पाहिजेत.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठ्यांत दोन तट पडले. खंडेराव शाहूंच्या बाजूला आले. त्यांचे कार्यक्षेत्र ठरले ते खानदेश, बागलाण आणि गुजरात. सुरत-बऱ्हाणपूर हा त्या काळचा सोन्यासारखा व्यापारी रस्ता. समुद्रावरचा माल याच वाटेने उत्तरेकडे जायचा. खंडेरावांनी या रस्त्याच्या कडेने ठाणी बसवली आणि परवाना न घेता जाणाऱ्या तांड्यांकडून मालाचा चौथा हिस्सा वसूल करायला सुरुवात केली. दख्खनचा सुभेदार हुसेन अली सय्यद याने त्यांचा बंदोबस्त करायला झुल्फिकार बेग नावाच्या सरदाराला सुमारे ८ हजारांची फौज देऊन पाठवले. खंडेरावांनी माघार घेतल्यासारखे दाखवून त्याला डोंगराळ मुलखात आत ओढले, वाटा अडवल्या आणि ती फौज कापून काढली. झुल्फिकार बेगही त्यात मारला गेला. हा गनिमी काव्याचा अस्सल नमुना आहे. मावळात वाढलेल्या माणसाला डोंगर कसा वापरायचा हे कोणी शिकवावे लागत नाही.

१७१७ च्या जानेवारीत शाहू महाराजांनी त्यांना सेनापतीपद दिले. पुढच्याच वर्षी बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर मराठी फौज दिल्लीला निघाली, तीत सेनापती म्हणून खंडेराव होते. १७१९ मध्ये चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्याच्या सनदा घेऊन ही मंडळी परतली. १७२० च्या ऑगस्टमध्ये बाळापूरला निजामाविरुद्ध लढाई झाली, तीही त्यांनी लढली. तिथे त्यांच्या हाताखालच्या दमाजी गायकवाडांनी असा पराक्रम केला की खंडेरावांनी शाहू महाराजांकडे त्यांची शिफारस केली. बडोद्याच्या गायकवाड घराण्याचा उदय होतो तो या शिफारशीतून. एवढ्यासाठी तरी बडोदेकरांनी तळेगावची आठवण ठेवायला हरकत नाही.

आता या सगळ्याकडे डॉक्टरच्या चष्म्यातून बघा. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत आणि पावसाच्या तोंडाशी परत येत. म्हणजे वर्षातला जो काळ मावळात हिरवा, ओला, चिखलाचा असतो, तो हे लोक घरी काढत आणि उरलेला कोरडा काळ तापीच्या खोऱ्यात, खानदेशात, गुजरातेत, घोड्यावर. फाल्गुन-चैत्रात धुळे-नंदुरबारकडे ज्यांनी बसने जरी प्रवास केला आहे त्यांना तिथले ऊन सांगायला नको. दिवसभर घामावाटे पाणी जाते, ते भरून निघत नाही, वाटेतली विहीर शत्रूच्या ताब्यात असते किंवा आटलेली असते. लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. हे एक दिवस झाले तर काही बिघडत नाही. पण तीस-चाळीस वर्षे, दर वर्षी सात-आठ महिने?

खानदेश, गुजरात, राजस्थान हा सगळा पट्टा आजही मूतखड्यांसाठी आम्हा डॉक्टरांना माहीत आहे. त्यामुळे लोणावळ्याला किती इंच पाऊस पडला याला या बाबतीत काही अर्थ नाही. पाणी आभाळातून किती पडते हे महत्त्वाचे नाही, लघवीवाटे किती बाहेर पडते हे महत्त्वाचे. मावळातला ट्रकचालक द्रुतगती मार्गावर दिवस काढतो आणि थांबायला नको म्हणून पाणी पीत नाही. कारखान्यात भट्टीजवळ उभा राहणारा कामगार पाळीभर घाम गाळतो. भातलावणीला दिवसभर पाण्यात उभी असलेली बाई आडोसा नाही म्हणून सकाळपासून घोटभर पाणी पिते. या तिघांच्याही मूत्रपिंडाच्या दृष्टीने ते मावळात नाहीत, चैत्रातल्या खानदेशात आहेत.

तर आता तो मूळ प्रश्न. आपल्या दोन मूत्रपिंडांत मिळून सुमारे २० लाख गाळण्या असतात. दिवसभरात त्या तब्बल १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा रक्तात परत घेतात. शेवटी दीड-दोन लिटर लघवी उरते. शरीराला नको असलेले सगळे एवढ्याशा पाण्यात कोंबायचे असते. त्यात कॅल्शियम असते, ऑक्झॅलेट असते आणि ही दोघे एकत्र आली की न विरघळणारे स्फटिक होतात. बहुतेक मूतखडे याच कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. गंमत अशी की, तुमची-माझी, अगदी ठणठणीत माणसाचीसुद्धा लघवी या क्षाराने बऱ्याचदा ओतप्रोत भरलेली असते. पाकात साखर इतकी व्हावी की आता गार झाला की दाणे पडणार, तशी अवस्था. साध्या पाण्यात एवढे कॅल्शियम आणि ऑक्झॅलेट घातले तर लगेच खाली साका बसेल. लघवीत मात्र सहसा बसत नाही. आणि बारीक स्फटिक झाले तरी ते तसेच वाहून जातात, आपल्याला पत्ताही लागत नाही.

हे आपोआप होत नाही. शरीराने त्यासाठी एकावर एक असे पहारे बसवलेले आहेत.

पहिला पहारा पोटातच असतो. पालक, शेंगदाणे, तीळ, चहा यांतून ऑक्झॅलेट येते. त्याच जेवणात दूध, दही, ताक, नाचणी यातले काही असेल तर त्यातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला पकडते आणि दोघे शौचावाटे बाहेर जातात. मूत्रपिंडापर्यंत पोहोचतच नाहीत. आतड्यात ऑक्झॅलेट खाऊन जगणारा एक जिवाणूही काही लोकांच्या पोटात वस्तीला असतो. त्याची ओळख शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये पटवली. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. खडा निघाला की लोक पहिल्यांदा दूध बंद करतात, कारण खड्यात कॅल्शियम असते. वर्षानुवर्षे डॉक्टरही तेच सांगत होते. १९९३ मध्ये अमेरिकेत ४५ हजारांवर पुरुषांच्या आहाराची पाहणी प्रसिद्ध झाली आणि दिसले ते उलटेच. जेवणातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झाले होते. मग २००२ मध्ये इटलीत १२० रुग्णांवर पाच वर्षे प्रयोग झाला. एका गटाला कॅल्शियम कमी करायला लावले. दुसऱ्याला कॅल्शियम नेहमीसारखे ठेवून मीठ आणि मांस कमी करायला लावले. दुसऱ्या गटात पुन्हा खडे होण्याचे प्रमाण जवळपास निम्मे राहिले. म्हणजे पहारेकऱ्यालाच आपण चोर समजून हाकलत होतो. (लोणावळ्याच्या चिक्कीबद्दल विचारणार असाल तर शेंगदाण्यात ऑक्झॅलेट असते हे खरे. पण प्रमाणात खावी, वर ग्लासभर दूध प्यावे, माझी काही हरकत नाही.)

दुसरा पहारा सायट्रेटचा. लिंबाला आंबटपणा देणारे जे सायट्रिक आम्ल, त्याचेच हे रूप. आपले शरीर ते स्वतः तयार करते आणि मूत्रपिंड ते लघवीत सोडते. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवते, पण हे जोडपे विरघळलेले राहते, त्याचा खडा होत नाही. शिवाय स्फटिक तयार झालाच तर त्याच्या अंगाला चिकटून त्याची वाढ थांबवते. मॅग्नेशियम हेच काम ऑक्झॅलेटच्या बाजूने करते, त्याला कॅल्शियमच्या हाती लागू देत नाही. ज्यांना वारंवार खडे होतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या लघवीत सायट्रेट कमी सापडते. जुनाट जुलाब, रक्तातले पोटॅशियम कमी होणे, मांसाहाराचा अतिरेक, यांनी ते घटते. भाज्या आणि फळे खाल्ली की वाढते. लिंबूपाण्याचा सल्ला आम्ही देतो तो याचसाठी. फक्त त्यात मूठभर मीठ नको. मीठ जास्त झाले की मूत्रपिंड त्याच्याबरोबर कॅल्शियमही जास्त सोडते. लोणचे-पापडाशिवाय ज्यांचे पान वाढलेच जात नाही त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

तिसऱ्या पहारेकऱ्याची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल हे दोघे फ्लूच्या विषाणूवर काम करत होते. मूतखड्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. विषाणूला अडवणारा काही पदार्थ माणसाच्या लघवीत आहे असे त्यांना आढळले आणि त्यांनी तो वेगळा काढला. ते एक प्रथिन होते. निरोगी माणसाच्या लघवीत सर्वाधिक असणारे प्रथिन हेच. आज आपण त्याला युरोमोड्युलिन म्हणतो. मूत्रपिंडातल्या नळीचा एक ठरावीक भाग ते रात्रंदिवस तयार करत असतो. ते स्फटिकांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणजे वाळूचे कण वाळूच राहतात, त्यांचा दगड होत नाही. शिवाय लघवीत शिरलेल्या जंतूंना ते वेटोळे घालून बाहेर नेते. ज्या उंदरांत हे प्रथिन तयारच होणार नाही अशी व्यवस्था केली, त्यांच्यातल्या काहींच्या मूत्रपिंडात आपोआप कॅल्शियमचे स्फटिक साचले. असेच काम करणारी ऑस्टिओपाँटिनसारखी आणखीही प्रथिने आहेत.

आणि या सगळ्यांच्या वर, सगळ्यात साधा आणि सगळ्यात भक्कम पहारा म्हणजे वाहते पाणी. गाळलेला द्रव मूत्रपिंडाच्या नळीतून जायला काही मिनिटेच लागतात. एवढ्या वेळात स्फटिकाला मोठे व्हायला सवडच मिळत नाही. आधी तो कुठेतरी अडकला पाहिजे. अमेरिकेतले शल्यविशारद अलेक्झांडर रँडल यांनी १९३७ मध्ये दाखवले की मूत्रपिंडाच्या आतल्या टोकांवर कॅल्शियमचे बारीक चट्टे असतात आणि खडा तिथे धरून वाढतो. नदीत गोटा वाहत राहतो, पण झाडाच्या मुळीत अडकला की त्याच्याभोवती गाळ धरतो, तसेच. पाणी कमी झाले की बाकीचे पहारेही थकतात. लघवी गाढ होते, कॅल्शियम आणि ऑक्झॅलेट जवळ येतात, सायट्रेट अपुरे पडते. १९९६ च्या एका इटालियन प्रयोगात पहिला खडा झालेल्या १९९ रुग्णांपैकी निम्म्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितले, निम्म्यांना नेहमीसारखे राहू दिले. पाच वर्षांत नेहमीसारखे राहिलेल्यांपैकी २७ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना. औषध नाही, गोळी नाही, नुसते पाणी.

खंडेरावांच्या शरीरातही हे सगळे पहारे होते. पण त्यांनी आयुष्यभर मोहिमा केल्या आणि त्यांच्या मूत्रपिंडांनीही.

आता एक शंका काढून टाकतो. मूतखडा या आपल्या एका शब्दात मूत्रपिंडातला खडा आणि मूत्राशयातला खडा असे दोन्ही येतात. सेनापतींचा कोणता असावा? वय बघता दोन्ही शक्य आहेत. साठीच्या पुरुषात प्रोस्टेटची गाठ वाढते, लघवी पूर्ण होत नाही, मूत्राशयात शिल्लक राहते आणि साचलेल्या पाण्यात खडा धरतो. मूत्राशयातल्या खड्याचे एक लक्षण जुने वैद्य आणि जुने युरोपीय डॉक्टर दोघेही ओळखून होते. धक्के बसले की खडा आत हालतो, कळ येते आणि लघवीतून रक्त जाते. गाडीत बसणे नको होते आणि घोड्यावर बसणे तर अशक्य. ज्याचा सगळा कारभार घोड्याच्या पाठीवर चालतो अशा सेनापतीसाठी याचा अर्थ काय, ते वेगळे सांगायला नको. शेवटच्या वर्षांत गुजरातची धावपळ पिलाजी गायकवाड, कंठाजी कदम बांडे आणि त्रिंबकराव करताना दिसतात. सेनापती मागे पडत जातात.

जुन्या इंग्रजी ग्रंथांत त्यांच्या मृत्यूचे साल १७२१ दिलेले आढळते. कोणी जुने गॅझेटियर चाळत असेल तर गोंधळू नये. नंतरच्या मराठी कागदपत्रांवरून १७२९ हेच साल धरले जाते. मला वाटते, या आठ वर्षांच्या घोटाळ्यालाही थोडे कारण असेल. बाळापूरनंतर हा माणूस रणांगणावर पूर्वीसारखा दिसत नाही, आणि दूरून लिहिणाऱ्याला न दिसणारा सेनापती म्हणजे मेलेलाच वाटणार.

खडा माणसाला मारतो कसा? लोकांना वाटते दुखण्याने. दुखण्याने कोणी मरत नाही, जरी त्या वेळी रुग्णाला तसे वाटत असले तरी. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी सुमारे २५ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. खडा तिच्यात अडकला की वरची लघवी तुंबते, मूत्रपिंड फुगते, नळी आवळते, आणि कमरेतून जांघेकडे ती सुप्रसिद्ध कळ जाते. ५ मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडून जातात. जो पडत नाही तो दोन प्रकारे घात करतो. एक म्हणजे तुंबलेल्या लघवीत जंतू शिरतात, तिचा पू होतो, आणि तो बंद जागेत दाबाखाली असल्यामुळे थेट रक्तात मिसळतो. थंडी वाजून ताप येतो, रक्तदाब उतरतो, आणि माणूस एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. आजही जातो. दुसरा प्रकार शांत असतो. तुंबून राहिलेले मूत्रपिंड काही आठवड्यांनी दुखायचे थांबते, रुग्णाला वाटते खडा पडला, आणि प्रत्यक्षात मूत्रपिंड हळूहळू निकामी होत असते. दोन्ही बाजूंना हे झाले की शेवट ठरलेला.

म्हणून एक गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला दोनदा सांगतो आणि इथेही सांगतो. खड्याच्या दुखण्याबरोबर थंडी-ताप आला, लघवी होईनाशी झाली किंवा एकच मूत्रपिंड असलेल्या माणसाला कळ आली, तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा. सकाळची वाट बघायची नाही. आणि दुखणे थांबले तरी सोनोग्राफी करून खडा गेल्याची खात्री करायची. कुळथाचे कढण प्यायला माझी ना नाही. मावळात ते घरोघरी करतात, चवीला चांगले लागते आणि त्या निमित्ताने पोटात पाणी जाते. पण ताप असताना कढणावर बसून राहणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत.

सेनापतींसाठी त्या वेळी काय करता आले असते? सुश्रुतांनी अश्मरीची शस्त्रक्रिया फार तपशिलाने लिहून ठेवली आहे. मूत्राशयातला खडा खालून, डाव्या बाजूने छेद घेऊन काढायचा. पण ती एवढी धोक्याची की दुसरा उपाय उरला नाही तरच आणि राजाची परवानगी घेऊनच करावी, असेही त्यांनी बजावले आहे. रुग्ण दगावला तर वैद्याच्या गळ्याशी येऊ नये, ही काळजी त्या काळीही होतीच. विलक्षण योग असा की, खंडेराव आजारी होते त्याच सुमारास, १७२७ मध्ये, लंडनचे शल्यविशारद विल्यम चेझल्डन यांनी मूत्राशयातला खडा बाजूने छेद घेऊन काढण्याची त्यांची पद्धत सुरू केली. भूल नव्हती, म्हणून सगळा मदार वेगावर. ते एक-दोन मिनिटांत खडा काढत. मूत्रपिंडातल्या खड्याला मात्र ना काशीत उपाय होता ना लंडनमध्ये. शरीराबाहेरून ध्वनितरंगांचे आघात करून खडा फोडण्याचे यंत्र माणसावर पहिल्यांदा वापरले गेले ते १९८० मध्ये, म्युनिकला. आता तुंबलेल्या मूत्रपिंडाला मोकळे करायला एक बारीक नळी घालतात. अर्ध्या-पाऊण तासाचे काम. महात्मा फुले योजनेत असे बरेच उपचार बसतात, तेव्हा पैशाअभावी थांबू नये.

खंडेराव गेल्यावर काय झाले ते इतिहासप्रेमींना ठाऊक आहे. गुजरातच्या चौथाईवरून पेशवे आणि दाभाडे यांच्यात आधीपासून धुसफूस होती. जुने, मुरलेले, शाहू महाराजांच्या शब्दाला मान देणारे आणि ज्यांना महाराजही मान देत असे सेनापती मधून गेले. तरुण बाजीराव आणि तरुण त्रिंबकराव समोरासमोर आले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ दोन मराठी फौजा एकमेकांवर तुटून पडल्या. त्रिंबकराव हत्तीवर बसून लढत असताना गोळी लागून पडले. खंडेराव आणखी दोन-तीन वर्षे धडधाकट असते तर ही लढाई टळली असती का, याचे उत्तर देणे हे माझे काम नाही. पण मला वाटते टळली असती.

लढाईनंतर शाहू महाराज बाजीरावांना बरोबर घेऊन तळेगावला आले आणि उमाबाई दाभाड्यांची समजूत काढली, असे सांगतात. नवरा खड्याने गेलेला, थोरला मुलगा आपल्याच लोकांकडून मारला गेलेला. त्या बाईंनी धाकट्या यशवंतरावांना सेनापतीपद मिळाल्यावर कारभार स्वतःच्या हाती घेतला आणि अहमदाबादेवर जातीने चालून गेल्या. १७५३ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. तळेगावात बनेश्वराच्या परिसरात सेनापती घराण्याच्या समाध्या आहेत. जागा शांत आहे, झाडी आहे, पावसाळ्यात दगडावर शेवाळ चढते.

गेल्या महिन्यात तळेगावचाच एक ट्रकचालक तापाने फणफणून रात्री अकराला आमच्याकडे आला. डाव्या नळीत ९ मिलिमीटरचा खडा, मूत्रपिंड फुगलेले, लघवीत पू. रात्रीच नळी घातली, तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पुढे खडाही काढला. सुटी देताना मी त्याला दिवसाला किमान दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे असे सांगितले, तेव्हा तो गोंधळला. मोजायची कशी? मी म्हटले मोजू नकोस, रंग बघ, पाण्यासारखी फिकी असली पाहिजे. झोपताना एक ग्लास पाणी, कारण रात्री लघवी सगळ्यात गाढ होते. परवा तो तपासणीला आला होता. गाडीत आता पाच लिटरचा कॅन ठेवतो आणि खोपोलीचा घाट उतरायच्या आधी एकदा, चढून आल्यावर एकदा, अशी गाडी थांबवतो. क्लीनर वैतागतो, एवढीच त्याची तक्रार होती.